बाणाआधी आवाज पोचतो: ४५ पौंडी रिकर्व्हचं एक प्रकरण

तक्रार एका वाक्यात मावणारी होती: "दोरी सुटली की हरीण अंग खाली टाकतं आणि बाण पाठीवरून निघून जातो." तक्रारदार माझा मित्र. मूळचा कोल्हापूरचा, आता कित्येक वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या त्या पट्ट्यात जिथे गाड्यांच्या धंद्यामुळे अर्धं पिंपरी-चिंचवड भेटतं. मीही त्यातलाच. फक्त माझं पोट गाडीतले नको ते आवाज शोधण्यावर चालतं. डॅशबोर्डमागे काय खुडखुडतंय, ८० च्या वेगाला दार का घुमतंय, असली कामं. "तुला आवाजातलं कळतं ना, मग हे बघ," म्हणून त्यानं धनुष्य माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा सगळा उद्योग गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मिशिगनमध्ये परवाना काढून, ठरल्या हंगामात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करता येते. धनुष्यबाणवाल्यांचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, १५ नोव्हेंबरला बंदूकवाले रानात उतरतात, डिसेंबरात पुन्हा धनुष्यबाण. इथे ही जुनी परंपरा आहे. फ्रेड बेअरनं १९३३ मध्ये डेट्रॉईटला सुरू केलेला कारखाना १९४७ मध्ये उत्तरेला ग्रेलिंगला हलवला आणि तिथून निघालेली रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेली धनुष्यं, अजून लोकांच्या माळ्यांवर सापडतात. मित्राला हा नाद लावला तो त्याच्या शेजारच्या आजोबांनी, आणि त्यांच्या मते चाकंवालं कंपाउंड म्हणजे यंत्र, धनुष्य नव्हेच. त्या वादात मी पडलो नाही.

आता सामान. ६२ इंची टेक-डाउन रिकर्व्ह, म्हणजे लिम्ब (वर-खालचे वाकणारे हात) बोल्ट काढून सुटे होणारं. २८ इंच खेचल्यावर ४५ पौंडांचा जोर. रायझर, म्हणजे पकडीचा मधला भाग, लाकडी, लिम्बवर फायबरग्लास, टोकं मजबूत केलेली, त्यामुळे डायनिमासारखी फारशी न ताणणारी दोरी चालते. (जुन्या, टोकं न बळकावलेल्या धनुष्याला ती लावू नये, टोक फुटतं, तिथे डेक्रॉनच.) बाण कार्बनचे, ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे ताठपणाचा आकडा), पुढे १०० ग्रेनचं टोक, सगळं मिळून ३७५ ग्रेन, म्हणजे साधारण २४ ग्रॅम. दोरीवर रबरी मिशांचे सायलेन्सर. सहसा दोन लावतात, यानं चार लावले होते. आणि तरी दोरी सोडली की टेबलावर स्टीलची पट्टी आपटल्यासारखा आवाज.

मित्राचा बेत असा की बाण आणखी हलके करायचे. बाण वेगात गेला तर हरणाला बसायला वेळच मिळणार नाही.

या बेताचा हिशेब कागदावर

हा बेत धनुष्यबाणाच्या दुनियेत फार लोकप्रिय आहे, म्हणून जरा थांबून पाहू. अशा धनुष्यातून ३७५ ग्रेनचा बाण सेकंदाला साधारण ५५ मीटरनं सुटतो. आवाजाचा वेग ३४३ मीटर. हरीण २० यार्डांवर, म्हणजे १८ मीटरवर उभं असेल तर आवाज त्याच्या कानात ०.०५ सेकंदात पोचतो आणि बाणाला ०.३३ सेकंद लागतात. हरीण उसळी मारण्याआधी पाय दुमडून अंग खाली सोडतं, स्प्रिंग दाबावी तसं. दचकायला ०.१ सेकंद धरले तरी बाण पोचेपर्यंत त्याच्या हातात ०.१८ सेकंद उरतात. गुरुत्वाकर्षणानं तेवढ्या वेळात अंग १५ सेंटिमीटर खाली येतं.

आता बाण जड केला, ४६५ ग्रेन. वेग उतरून साधारण ५१.५ मीटर होतो आणि तोच पल्ला गाठायला ०.३५५ सेकंद लागतात. हरीण २० सेंटिमीटर खाली. म्हणजे ९० ग्रेनची उलाढाल करूनही फरक पाचेक सेंटिमीटरचा. पण तोच जड बाण १२ मीटरवरून सोडला तर हरणाला मिळणारा वेळ ०.१ सेकंदाच्याही खाली येतो आणि अंग जेमतेम पाच सेंटिमीटर हलतं. कागदावर पेन ठेवल्यावर मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे वेगानं काही होणार नाही." अगदीच नाही असं नाही, पण अंतरापुढे वेग किरकोळ आहे, आणि वेगासाठी हलका केलेला बाण आवाज वाढवतो. ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची.

खेचलेल्या धनुष्यात ऊर्जा साठते, इथे साधारण ५५ जूल. ती सगळी बाणाला मिळत नाही. लिम्ब आणि दोरी यांनाही वेग द्यावा लागतो आणि बाण निघून गेला की त्यांच्यातली ऊर्जा मागे राहते. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं यासाठी एक सुटसुटीत कल्पना मांडली: प्रत्येक धनुष्याला स्वतःचं एक आभासी वजन असतं, आणि ऊर्जेची वाटणी बाणाचं वजन आणि ते आभासी वजन यांच्या प्रमाणात होते. या धनुष्याचं आभासी वजन १८० ग्रेन धरलं तर वरचे वेग जुळतात. मग ३७५ ग्रेनच्या बाणामागे १८ जूल उरतात, ४६५ च्या मागे साडेपंधरा. हे उरलेले जूल कुठेतरी जायलाच हवेत, आणि त्यांतला काही भाग दोरीच्या टणत्कारातून, लिम्बच्या थरथरीतून, क्विव्हरच्या (भात्याच्या) खडखडाटातून हवेत जातो. सायलेन्सर ही ऊर्जा कमी करत नाही, तिला दुसऱ्या वाटेनं जिरवतो. म्हणून उगमाशी काय होतंय ते न बघता चार रबरी मिशा लावणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून खाली मोठी बादली लावणं.

मात्र इथे एक खोच आहे. अठरावरून साडेपंधरा म्हणजे सातवा हिस्सा कमी. डेसिबलमध्ये मांडलं तर एकही पुरा होत नाही, आणि एवढा फरक माणसाच्या कानाला कळायला नको. तरी जड बाण लावला की धनुष्य शांत होतं, असं जुने शिकारी शपथेवर सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. मग शांत होतं ते कशानं? मला खरा रस या प्रश्नात होता.

कान कुठे ठेवायचा

धनुष्य वाजतं ते धरणाऱ्याच्या तोंडासमोर, हरीण ऐकतं ते १८ मीटरवरून. दोन्ही ठिकाणचे आवाज सारखे नसतात. म्हणून एक रेकॉर्डर धनुष्याजवळ आणि दुसरा लक्ष्याजवळ, बाजूला चारेक मीटर सरकवून, गवताच्या गठ्ठ्याआड. तिथे माणूस उभा करायचा नाही, हे सांगायला नको. मोबाइल मुद्दाम वापरला नाही. तो मोठा आवाज आला की आपणहून पातळी उतरवतो आणि सगळं सारखंच ऐकू येतं. हातानं पातळी पक्की करता येईल असा रेकॉर्डर हवा. आणि हे उघड्यावर करायचं. गॅरेजमध्ये भिंतींमुळे प्रत्येक धनुष्य तोफेसारखं वाटतं.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाची श्रवणशक्ती जॉर्जियातल्या संशोधकांनी मोजलेली आहे. ३० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतं, आणि कान सगळ्यात तिखट ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणून माझ्या दृष्टीनं एकूण आवाजापेक्षा त्या वरच्या पट्ट्यातला आवाज महत्त्वाचा होता. बोटानं टेबल ठोकलं तर "धप", नखानं ठोकलं तर "टक". आपल्याला धप चालेल, टक नको.

पहिल्या रेकॉर्डिंगचा आलेख उघडला तेव्हा एका आवाजाच्या जागी तीन दिसले. आधी मोठा ठोका. त्याच्यामागे तीनेक मिलिसेकंदांनी एक अरुंद, टोकदार टिचकी, जिची सगळी ताकद वरच्या पट्ट्यात. आणि मग हळूहळू विरत जाणारी गुणगुण. ठोका दोरीचा आणि गुणगुण तिच्या थरथरीची, हे उघड होतं. टिचकी कुणाची? बाण दोरीपासून सुटतो तो पकडीच्या मागे ब्रेस हाइटएवढ्या, म्हणजे पकड ते दोरी एवढ्या, अंतरावर, इथे १७ सेंटिमीटर. ५५ मीटरच्या वेगानं ते अंतर कापायला तीन मिलिसेकंदच लागतात. म्हणजे बाणाचं शेपूट रायझरच्या खिडकीशी, म्हणजे बाण ज्या खाचेतून जातो तिथे, पोचतं त्याच क्षणी काहीतरी आपटत होतं.

खिडकीच्या कडेला वहिनींच्या जुन्या लिपस्टिकचा पातळ थर दिला आणि एक बाण सोडला. बाणाच्या मागच्या चौथ्या हिश्श्यावर, पिसांच्या जरा पुढे, लाल ओरखडा. शंकाच उरली नाही.

बाण, मग नॉक, मग दोरी

बाण सुटताना सरळ जात नाही, मासोळीसारखा वळवळत खिडकीला वळसा घालतो. तो किती वाकतो ते स्पाइनवर ठरतं. आकडा लहान तितका बाण ताठ. ४०० चा बाण, वर फक्त १०० ग्रेनचं टोक, हे ४५ पौंडांना फार ताठ झालं. तो वाकतच नव्हता, शेपूट खिडकीवर आपटून जात होतं. पिसं नसलेला बाण सोडून पाहिला तर उजव्या हाताच्या या तिरंदाजाचा तो बाण डावीकडे लागत होता, ताठ बाणाचं नेहमीचं लक्षण.

५०० स्पाइनचे बाण आणले. आत पितळेचा ५० ग्रेनचा इन्सर्ट, पुढे १७५ ग्रेनचं टोक. वजन ४६५ ग्रेन, म्हणजे पौंडामागे दहा ग्रेनहून थोडं जास्त. टोक जड झालं की बाण आणखी वाकायला लागतो, हे लक्षात ठेवून लांबी थोडी थोडी कापत बिनपिसाचा बाण मधोमध आणला. लिपस्टिक स्वच्छ राहिली आणि आलेखातली टिचकी गायब झाली. ठोक्याची उंची मात्र जेमतेम उतरली, हिशेबानं उतरायला हवी होती तेवढीच. माझं मत असं झालं की जड बाणाच्या नावावर जमा होणारी शांतता बऱ्याच वेळा बाणाच्या वाकण्याची असते. लोक टोक जड करतात, त्यानं बाण मऊ होतो, खिडकीवरची ठोकर जाते, आणि श्रेय वजनाला मिळतं. प्रत्येक धनुष्यात असंच असेल असं नाही. या धनुष्यात तरी असंच होतं.

नॉकची, म्हणजे बाणाच्या शेपटातल्या दोरी अडकवायच्या खाचेची, कथा छोटी आहे. बाण दोरीला अडकवून खाली लोंबता सोडायचा आणि दोरीवर बोटानं हलकी टिचकी मारायची. बाण पडला पाहिजे. मित्राचा बाण टिचकीनं काय, चापटीनंही पडेना. मधलं सर्व्हिंग, म्हणजे दोरीवर गुंडाळलेला धागा, जाड होतं, त्यामुळे बाण दोरी सोडताना तिला ओढून सोडत होता. पातळ धाग्यानं सर्व्हिंग पुन्हा गुंडाळलं. पण फार सैल करण्याची हौस करू नये. खेचताना बाण दोरीवरून निसटला आणि ते लक्षात न येता दोरी सुटली, तर सगळी ऊर्जा धनुष्यातच राहते आणि लिम्ब फुटू शकतो.

ब्रेस हाइटवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला. ब्रेस हाइट म्हणजे चढवलेल्या दोरीचं पकडीपासूनचं अंतर. या धनुष्याला साडेसात ते सव्वाआठ इंच सांगितलेलं, आणि टी-स्क्वेअर लावल्यावर भरलं पावणेसात. दोरी नवी असताना कदाचित बरोबर असेल, नंतर ती बसली, आणि पुन्हा मोजायला कुणी गेलं नाही. ब्रेस हाइट कमी असली की दोरी लिम्बच्या वळलेल्या टोकांवर जास्त लांबीनं टेकते, आणि परत येताना तेवढ्या लांबीवर थोबाडीत मारल्यासारखी आपटते. रिकर्व्हचा हा जन्मजात स्वभाव. सरळ लिम्बच्या लाँगबोला हा त्रास जवळपास नसतो.

उपाय बिनपैशाचा. दोरी उतरवायची, दोन-तीन पीळ द्यायचे, पुन्हा चढवायची, मोजायचं, काही बाण सोडून ऐकायचं. सव्वासातला आवाज फुटका होता. साडेसातच्या पुढे तो जाडसर होत गेला. पावणेआठच्या किंचित वर एक जागा सापडली जिथे धनुष्य हातात एकदम मेल्यासारखं होतं, मागे थरथर उरत नाही. आठ ओलांडल्यावर पुन्हा टणकपणा यायला लागला. ही जागा सांगितलेल्या पट्ट्यात असते, पण नेमकी कुठे ते प्रत्येक धनुष्याला, प्रत्येक दोरीला आणि प्रत्येक बाणाला वेगळं. म्हणून बाण बदलल्यावर ब्रेस हाइट लावायची, आधी नाही. उलटा क्रम केला तर काम दोनदा करावं लागतं.

लिम्बवर उरलेल्या आपटण्यासाठी वेल्क्रोची मऊ बाजू, दोरी जिथे टेकते त्या खाचेत अडीच-तीन इंच चिकटवली. आधी स्पिरिटनं पुसून, नाहीतर पहिल्या पावसात सोलते. ठोका "टण"चा "धप" झाला. आलेखात उंची फारशी बदलली नाही, पण वरचा पट्टा कापून काढल्यासारखा रिकामा झाला.

मग आले सायलेन्सर, आणि चार रबरी मिशांऐवजी बीव्हरच्या फरचे दोन तुकडे. रबर वाईट नाही. आजोबांकडे फर पडून होती आणि ती भिजली तरी झटकली की कोरडी होते, एवढंच कारण. लोकरीचे गोंडे घरी करता येतात, पण पाऊस पडला की पाणी पिऊन जड होतात. कशाचे लावायचे यापेक्षा कुठे लावायचे हे बघावं. एक तुकडा एका टोकापासून दोरीच्या चौथ्या हिश्श्यावर, दुसरा दुसऱ्या टोकापासून तिसऱ्या हिश्श्यावर. दोरी एकाच प्रकारे थरथरत नाही. ती पूर्ण लांबीत, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत एकदमच थरथरते. तिसऱ्या हिश्श्यावर तीन भागांची थरथर शून्य असते, म्हणजे तिथला तुकडा तिला पकडूच शकत नाही; चौथ्या हिश्श्यावरचा पकडतो. चार भागांच्या थरथरीचं नेमकं उलट. मित्रानं चारही मिशा दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, दिसायला छान म्हणून लावल्या होत्या.

जे धनुष्याजवळ ऐकूच आलं नाही

इथवर धनुष्याजवळच्या रेकॉर्डिंगमध्ये सांगण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. लक्ष्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ठोक्यानंतर बाण पोचेपर्यंत एक बारीक शीळ होती, जवळ येत चढत जाणारी. सरावाच्या टोकाला नव्हती, शिकारीच्या टोकाला होती. मित्राच्या पात्यांना वजन कमी करायला खिडक्या पाडलेल्या होत्या, आणि त्यांतून हवा शीळ घालत होती. तिरंदाजाला ती कधीच ऐकू येत नाही, कारण बाण त्याच्यापासून दूर जात असतो. तितक्याच वजनाची, बिनछिद्राची पाती लावली. उरला तो पिसांचा फरफराट. पिसं मोठी आणि पिळून लावलेली असली की तो असतोच. पिसं लहान करून तो कमी करता आला असता, पण रुंद पात्याचा बाण सरळ ठेवायला तीच पिसं लागतात. तिथे हात लावला नाही.

रायझरला लावलेला क्विव्हरही खडखडत होता. तो आता मचाणावर चढलं की काढून शेजारच्या फांदीला टांगतो.

साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेते झाल्यापासून आपल्याकडे तिरंदाजीची चौकशी बरीच होते. तिकडच्या मैदानांवर यातला निम्मा खटाटोप कुणी करणार नाही, आणि करूही नये. लक्ष्याला कान नसतात. पण स्पाइन, नॉक आणि ब्रेस हाइट या तीन गोष्टी तिथेही याच क्रमानं तपासाव्यात, कारण आवाज बिघडतो तिथे बाणांचा गटही बिघडतो. मित्राचे बाण आता मुठीएवढ्या जागेत पडतात, आधी मात्र ते विखरून पडत होते.

हंगामाचा निकाल सांगताना जरा जपून. १५ यार्डांच्या पलीकडे दोरी खेचायची नाही, असं त्यानं ठरवलं आणि पाळलं. ऑक्टोबरच्या शेवटी एक मादी मिळाली. तीही दचकली, तिनं अंग खाली टाकलंच, पण चार बोटं. हे आवाज कमी केल्यामुळे की अंतर कमी केल्यामुळे, ते एका हरणावरून सांगता येत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकदम बदलल्यामुळे पुढेही येणार नाही. मला विचाराल तर मोठा वाटा अंतराचा. शेजारच्या आजोबांना आलेख दाखवले तर त्यांनी चष्मा काढून पाहिले आणि म्हणाले की पावणेआठ इंच आपण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मित्र म्हणतो, सांगितलं नव्हतं.

सध्या दोरी नवी आहे आणि अजून बसते आहे, त्यामुळे दर वेळी बाहेर पडण्याआधी टी-स्क्वेअर लावून बघावं लागतं. पाव इंचानं उतरली की दोन पीळ. रायझरवर पेन्सिलीनं एक रेघ मारून ठेवली आहे.